आत्याच्या हिरड्या

माझी सासू ही माझी सख्खी आत्या. आमच्याकडे मामाची मुलगी सून करून आणायची पद्धत आहे, त्यामुळे लग्न होऊन मी कुठे परक्या घरी गेले असं मला कधी वाटलंच नाही. लग्नानंतर चार दिवस तिला 'तुम्ही' म्हणून पाहिलं, तर ती तडकून म्हणाली, "काहून वो, मले परकी करून राह्यली का?" तेव्हापासून पुन्हा 'तू'. भांडताना हे फार सोयीचं पडतं, आणि आम्ही दोघी भांडतो भरपूर.

पुसद आणि उमरखेडच्या मधल्या आमच्या गावात आत्याची ओळख एकच. विहारात वाचणारी बाई. आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने सुरू झाले की रोज संध्याकाळी विहारात वंदना होते आणि वंदना झाली की ग्रंथाची चार पानं वाचली जातात. ती आत्या वाचते. माझ्या लहानपणी मी पावसाळ्यात तिच्याकडे यायचे तेव्हाही तीच वाचायची. शाळा तिची सातवीला सुटली, पण वाचन सुटलं नाही. आवाज गोड वगैरे अजिबात नाही. मात्र शब्द इतका सुटा आणि स्वच्छ येतो की दिवसभर निंदण करून आलेली बाईसुद्धा भिंतीला टेकून शेवटपर्यंत जागी राहते. माझ्या शिलाई मशीनवर बसून मी घरी रेडिओ ऐकते, मोबाईलवर भाषणं ऐकते, पण असं वाचणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. तिच्या तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही, आधीच डोक्यावर बसलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी तिनं माईक नाकारला. "मले नाई लागत तो डब्बा," म्हणाली आणि तोंडाशी पदर धरून, मान खाली घालून वाचायला लागली. म्हातारपणाचं खूळ, असं म्हणून मी सोडून दिलं. मी तिच्या पाण्याचा तांब्या घेऊन अगदी शेजारी बसायचे, मला सगळं नीट ऐकू यायचं.

यंदा भीमजयंतीच्या दिवशी मात्र मला राग आला. सगळा मोहल्ला जमलेला, त्रिशरण पंचशील आत्यानं सांगायचं हे ठरलेलं, आणि माईक समोर आला तसं हिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाईनं सांगितलं, तेही अडखळत. घरी आल्यावर मी हातपाय धुवायच्या आधी तिच्यावर तुटून पडले. लोक काय म्हणतील, एवढा कसला ताठा, जे तोंडाला येईल ते बोलले. आत्यानं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "त्या माईकच्या फोमले वास लागते. माह्या मांगून लेकरं गाने म्हन्याले येते. त्यायनं माह्या वासात तोंड घालाव का?"

मी तिला खिडकीशी नेलं आणि म्हटलं, तोंड उघड. लहान मुलीसारखी तिनं मान मागे टाकून तोंड उघडलं. हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या, चकाकणाऱ्या. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळा-तपकिरी दगडी थर, सगळे दात एकमेकांना चिकटवून टाकल्यासारखा. मी नुसतं बोट लावलं तर रक्त आलं. एवढी वर्षं एका ताटात जेवतो आम्ही, एका खोलीत पंख्याखाली झोपतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

ठाऊक कसं असणार? ती सगळं लपूनछपून करत होती. तुरटीच्या गुळण्या, मिठाचा हात, कुणीतरी सांगितलं म्हणून राखुंडी. जिथून रक्त येतं तिथं ब्रश लावायचाच नाही, जखमेला आराम पाहिजे म्हणून. "आन् समोरचे दोन दात हालून राह्यले," ती म्हणाली. "औंदा ग्रंथ दुसऱ्या कोनाले द्या. वाचता वाचता एखांदा दात पुस्तकावर पडन."

हसून सोडून देण्यासारखं वाक्य होतं, पण ती हसत नव्हती. तिच्याकडून वाचन गेलं तर तिच्याजवळ काय उरतं हे मला चांगलं माहीत होतं. शेत मुलाच्या हाती गेलं, चूल माझ्या हाती आली. संध्याकाळची ती चार पानं तेवढी तिची होती.

मी पुसदला दाताच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर ती खाटेवरून उठून उभी राहिली. दात साफ केले की दात पडतात, यावर आमच्या गावाचं एकमत आहे. "ते किटनच दातायले धरून राह्यते. ते खरडलं का सारे दात मोकये," ती म्हणाली. तिच्या चुलत जावेचे असेच गेले म्हणे, साफ केल्यावर वर्षाच्या आत. मी समजावलं, ओरडले, नवऱ्याला मध्ये घातलं. तो पेरणीच्या तयारीचं निमित्त करून सटकला. शेवटी वैतागून मी म्हटलं, "ठीक हाय. मंग औंदा ग्रंथ मीच वाचतो."

आत्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "तू? तुले त सम्बुद्धस्स म्हनता म्हनता दम लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चप्पल घालून दारात उभी होती.

पुसदच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, बारीक चणीची मुलगी. तिनं आत्याला खुर्चीत आडवं केलं, आणि एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडी आणि दाताच्या मध्ये हळूच सरकवत आकडे सांगू लागली. तीन. पाच. सहा. पुन्हा सहा. शेजारची मुलगी ते लिहून घेत होती. निरोगी हिरडीत ही सळई जेमतेम टेकते, डॉक्टरनं मला सांगितलं. आत्याच्या हिरडीत ती शिरत होती. गळा सैल झालेल्या ब्लाउजमध्ये बोट जावं तशी. मग साखर तपासली, ती बरी निघाली. फोटो काढला. फोटोत दातांच्या मुळाशी हाड खाली उतरलेलं दिसलं.

"आजी, किटण दाताला धरत नाही," डॉक्टर म्हणाली. "ते हिरडीला दातापासून दूर ढकलतं. ते काढलं आणि सूज उतरली की हिरडी दाताला पुन्हा धरेल. हाड गेलं ते परत येणार नाही, तेवढं मी खोटं सांगणार नाही. आणि किटण निघालं की फटी दिसतील. घाबरायचं नाही."

आत्यानं मान डोलावली. तिची ती मान मला ओळखीची आहे. त्या मानेचा अर्थ 'तू बोल, मी ऐकत नाही' असा असतो.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. यंत्राचं टोक अगदी बारीक, आणि ते इतक्या वेगानं थरथरतं की डोळ्याला थरथर दिसत नाही, नुसता कानात बारीक सूर येतो. टोकातून पाण्याचा फवारा. आत्या डोळे घट्ट मिटून, माझं मनगट धरून पडली होती. टोक दाताच्या आतल्या बाजूला टेकलं आणि तो दगडी थर, जो माझ्या नखाला जराही हलला नव्हता, तडकला. त्याचा एक तुकडा सुटून खालच्या तबकात पडला. आवाज आला त्याचा. आणि त्या तुकड्याच्या मागून पांढरा दात दिसला, जो मी कधी पाहिला नव्हता. आत्यानंही तरुणपणी पाहिला असेल तेवढाच.

"हे एवढं येतं कुठून?" मी विचारलं.

"लाळेतून," डॉक्टर म्हणाली. "दातावर जो चिकट थर बसतो ना, त्यात लाळेतले क्षार मुरतात आणि दगड होतो."

मी तबकातले तुकडे बघत राहिले. लाळेतून दगड! आमच्या बोअरच्या पाण्यानं घागरीत पांढरं धरतं ते मला माहीत होतं, पण माणूस स्वतःच्या तोंडात दगड घडवतं, आणि तोच दगड दातांना घालवतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. एवढं सगळं तोंडात सांभाळत ही बाई इतकी वर्षं त्याच तोंडातून ते लखलखीत शब्द काढत होती.

पुढच्या खेपांना हिरडीखालची सफाई झाली. सुई देऊन, एकेक बाजू. तिथं यंत्रासोबत हातातली हत्यारंही होती, टोकाशी वाकलेली. हिरडीच्या आत काय आहे ते डॉक्टरलाही दिसत नव्हतं. ती नजर भलतीकडेच लावून, जणू ऐकत असल्यासारखी, नुसत्या बोटांनी काम करत होती. न दिसणारं कसं कळतं, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी खरखर लागते. मग एकदम काचेसारखं गुळगुळीत लागतं. तेव्हा थांबायचं." आतून काढलेले तुकडे काळे होते. मी बोटांनी पोट भरणारी बाई आहे, अंधारात सुईत दोरा ओवून दाखवीन म्हणून मिरवते. त्या मुलीच्या हाताकडे बघताना माझी मिरवायची हौस जागच्या जागी बसली. मला वाटलं, हिला नमस्कार करावा. केला नाही, लाज वाटली.

आणि मग घरी आल्यावर आभाळ कोसळलं.

सूज उतरू लागली तशा फटी दिसू लागल्या. वरच्या पुढच्या दातांत दोन, खाली तीन-चार. थंड पाणी प्यायलं की आत्या कपाळाला हात लावायची. पण खरा घाव सकाळच्या वंदनेला बसला. घरातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून तिनं सुरू केलं, "नमो तस्स..." आणि 'स्स'च्या जागी शिट्टी वाजली. बारीक, पण स्पष्ट. ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा शिट्टी. त्या वंदनेत किती 'स' आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"तूनं माह्या तोंडाची वाट लावली," ती म्हणाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी मागायची तर मुलाला सांगायची, "तिले म्हन, भाकर वाढ." मी ताठ मानेनं वावरत होते, पण आतून पार हादरले होते. गाव बरोबर असेल तर? दात खरंच गेले तर? तिला ओढून नेणारी मीच. आषाढी पौर्णिमा जवळ येत होती आणि ग्रंथ कुणाला द्यायचा याची विहारात चर्चा सुरू झाली होती.

मग एक दिवस शिट्टी बंद झाली. सकाळची वंदना खणखणीत. आत्या माझ्याशी बोलू लागली, एकदा तर माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीला बरी म्हणाली. मी मनातल्या मनात डॉक्टरचे आणि स्वतःचे आभार मानले आणि चार बायकांना सांगूनही आले की बघा, माझ्या हट्टानं काय झालं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं आरसा तोंडात घातला आणि ती जागच्या जागी थांबली. "आजी, हे पांढरं काय भरलंय?"

आत्यानं तोंड मिटलं.

"कुणी सिमेंट भरून दिलं का? कुठल्या दवाखान्यात गेला होता?"

"मेनबत्ती हाय," आत्या छताकडे बघत म्हणाली.

मूर्तीपुढच्या मेणबत्तीचं ओघळलेलं मेण कोमट असताना बोटांत मळायचं, त्याची बारीक वात करायची आणि वरच्या फटीत दाबायची. शिट्टी बंद! काढून ठेवलं तर पुन्हा भरावं लागतं, म्हणून ते तिथंच राहू द्यायचं. दिवसरात्र. गेले कित्येक दिवस हा कारभार चालला होता आणि मी गावभर आपली पाठ थोपटून घेत होते! मी त्या दवाखान्यातच आवाज चढवला. एवढे हेलपाटे, एवढा त्रास, आणि ही बाई तोंडात मेणबत्त्या लावून बसली! डॉक्टर स्टुलावर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्याला तर दोघींचाही राग आला.

मग डॉक्टरनं मेण काढलं, दिवा जवळ ओढला आणि आत्याच्या हातात मोठा आरसा दिला. "बघा आजी. तुम्हीच सांगा."

मीही वाकून बघितलं. वरच्या दोन फटींपैकी एकीत मेण होतं, दुसरी तिनं मोकळी सोडलेली होती, कारण तिथून शिट्टी वाजत नव्हती. मेणाच्या फटीशी हिरडी लाल, सुजलेली, मेण काढताच रक्ताळलेली. आणि तिच्या शेजारी, एका दातापलीकडे, मोकळ्या फटीशी? गुलाबी. फिकट गुलाबी, घट्ट, दाताला अंगासरशी बसलेली. तान्ह्या लेकराच्या तळव्याचा असतो तसा रंग. खालचीही सगळी तशीच. जांभळं कुठं उरलंच नव्हतं. पुस्तकात दोन चित्रं शेजारी शेजारी छापावी तसं आत्यानं स्वतःच्या तोंडात तयार करून ठेवलं होतं, मेणबत्तीच्या खुळानं.

आत्या आरशात किती वेळ बघत होती कोण जाणे. बाहेर बसलेला पेशंट दोनदा डोकावून गेला. "हे माह्यंच तोंड हाय?" तिनं विचारलं. मग करंगळीनं खालचा पुढचा दात दाबला. तोच, जो पुस्तकावर पडणार होता. पुन्हा दाबला. "हा काहून नाई हालून राह्यला?"

"थोडा हलतो अजून," डॉक्टर म्हणाली. "पण आता हिरडीनं धरलंय त्याला."

हिरडीनं धरलंय! मी त्या खोलीत उभी होते आणि मला भरून आलं. कुणी तिथं टाका घातला नव्हता, काही चिकटवलं नव्हतं. फक्त मधला दगड काढला, आणि सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या मांसानं आपणहून जाऊन दात पुन्हा धरला. इतकी वर्षं ते वाट बघत होतं की काय? माझा देवधर्मावर विश्वास नाही, आमच्या घरात तो नाहीच. पण त्या दिवशी त्या गुलाबी रंगाकडे बघताना माझे हात आपोआप जुळले.

बसमध्ये आत्या खिडकीबाहेर बघत बसली. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "सीटी वाजन त वाजन. मेन नाई भरत आता."

पौर्णिमेला विहार भरला होता. पेरण्या आटोपलेल्या, लोक निवांत. आत्या पांढरं लुगडं नेसून ग्रंथासमोर बसली, आणि माईक तिच्यापुढे सरकवल्यावर तिनं तो घेतला. पहिल्याच 'तस्स'ला शिट्टी वाजली, आणि माईकमधून ती साऱ्या विहारात फिरली. पुढं बसलेली लेकरं खुदकन हसली. आत्या थांबली नाही. सगळ्या वंदनेत ती शिट्टी वाजत राहिली आणि सगळे तिच्या मागून म्हणत राहिले. मग तिनं ग्रंथ उघडला. पदर खांद्यावर, मान वर. तोच सुटा, स्वच्छ शब्द, माझ्या लहानपणचा. मधे मधे शिट्टी, आणि थोड्या वेळानं तीही कुणाला ऐकू येईनाशी झाली असावी, मला तरी येईना. चार पानांऐवजी तिनं सहा वाचली. कुणी हललं नाही.

वाचन संपल्यावर सगळ्यांनी म्हणायचं साधू साधू साधू झालं, लोक उठू लागले. आमच्या शेजारचे म्हातारे बुवा, जे रोज दाराजवळच्या खांबाला टेकून बसतात, ते काठी टेकत आत्याजवळ आले. "जयभीम बाई. औंदा आयकू आलं."

आत्या हसली. "मंग? मांगच्या साली नाई आलं का?"

बुवा गडबडले. इकडे तिकडे बघू लागले. मागं उभ्या असलेल्या दोघी-तिघी बायकांनी नजर खाली घातली. तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "खरं सांगा बुवा."

"मांगचे दोन साल कोनालेच काई आयकू येत नोतं," बुवा म्हणाले. "तू पदरात वाचे. समोरच्यायलेई नाई ये."

मी शेजारी बसायचे. मला प्रत्येक शब्द ऐकू यायचा. सगळ्यांना येतो असंच मी धरून चालले होते. दोन वर्षावास, रोजची संध्याकाळ, हे सगळे लोक शेतातून थकून येऊन इथं बसले होते, आणि त्यांच्या कानावर एक शब्द पडला नव्हता. एकानंही घरी येऊन सांगितलं नव्हतं.

"मंग साधू कसं म्हनत होते बरोबर?" आत्यानं विचारलं.

"तू पुस्तक मिटे, मंग आमी म्हनो."

"आयकू येत नोतं त रोज येत कायले होते?"

बुवांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. ते काठीवर भार देऊन तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तू वाचत होती ना, बाई. तुले एकटीले कसं सोडाव?"

आत्या ग्रंथासमोर पुन्हा खाली बसली. मीही बसले. बुवा दारात चपला शोधत होते.